सीव्हीटीचे सात ‘गिअर’: पिकअपला नाही, उताराला घ्या

होंडा सिटी किंवा एलिव्हेटच्या सीव्हीटी (पायऱ्यांशिवाय गिअर बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडीत बसलं की स्टिअरिंगमागची दोन पॅडल बोटांना लागतात. डावं वजा, उजवं अधिक. दाबलं की मीटरवर १ ते ७ यातला एक आकडा उमटतो, आणि शोरूममध्ये ‘सात गिअर आहेत’ असं बिनधास्त सांगितलं जातं. गिअरबॉक्स उघडला तर आत सात दातेरी जोड्या सापडणार नाहीत. म्हणून पॅडल टाकाऊ ठरत नाहीत. फक्त ती ज्या कामासाठी विकली जातात ते काम त्यांचं नव्हे. सोलापुरात वापरायची सीव्हीटी घेणार असाल तर हा फरक आधी समजून घ्या.

आत दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पोलादी पट्टा असतो. प्रत्येक पुली दोन शंकूंची. शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो, लांब गेले की खोल बसतो. एका पुलीवर पट्टा चढला की दुसरीवर उतरतो, आणि रेशो, म्हणजे इंजिनच्या आणि चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण, अखंड सरकत राहतो. अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमाग बघत वाढलेल्याला पट्टा-पुली समजावून सांगायला नको. फरक एवढाच की मागाचा पट्टा ओढतो, हा ढकलतो. सुमारे चारशे पातळ पोलादी तुकडे पोलादी कड्यांच्या दोन चळतींवर ओवलेले असतात, आणि मागचा तुकडा पुढच्याला रेटतो. डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्याची मोटार आणली, आणि तिचे जनक हुब व्हान डोर्न यांच्याच कामातून पुढे हा पोलादी पट्टा आला. आपल्याकडे तीच कल्पना १९८४ पासून कायनेटिक होंडाने आणि नंतर अ‍ॅक्टिव्हाने घरोघरी नेली. तिथे पट्टा रबरी आणि पुली सरकवायला रोलरचं वजन. मोटारीत हे काम तेलाचा दाब करतो. या तेलाकडे पुढे परत यायचं आहे.

सात ‘गिअर’ म्हणजे त्या अखंड सरकण्यात कॉम्प्युटरने ठरवून दिलेले सात थांबे. पॅडल दाबलं की पुली पुढच्या थांब्यावर जाते आणि तिथे धरून ठेवली जाते. वेग फारच कमी असताना वरचा आकडा मागितला तर गाडी ऐकत नाही, आणि थांबायला आली की स्वतःहून १ वर येते. बाइकसारखं चुकीच्या गिअरमध्ये अडकून बंद पडायची सोय नाही.

दुसरा खोटेपणा डी (ड्राइव्ह) मध्येही असतो. सीव्हीटीत पाय पूर्ण दाबला की इंजिन मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांवर (आरपीएम) जाऊन ओरडत बसतं आणि वेग मागून येतो. कायनेटिक होंडाची मूठ पूर्ण पिळल्यावर आवाज एकाच पट्टीत राहायचा, तोच हा प्रकार. लोक याला रबरबँड म्हणतात आणि ‘क्लच सुटतोय की काय’ म्हणून घाबरतात. त्या तक्रारीवर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे फुल थ्रॉटलला मुद्दाम पायऱ्या पाडणं. आरपीएमचा काटा चढतो, थोडा पडतो, पुन्हा चढतो. होंडाच्या सिटी-एलिव्हेटमध्ये हे ऐकू येतं, ह्युंदाईच्या आयव्हीटीतही (त्यांच्या सीव्हीटीचं नाव) जोरात दाबल्यावर तसाच अनुभव येतो.

यानं गाडी जास्त पळते का? नाही. सिटीचं दीड लिटरचं इंजिन १२१ पीएस देतं ते ६,६०० आरपीएमला, आणि १४५ एनएम टॉर्क ४,३०० ला. सगळ्यात जोरात पळायचं तर इंजिन सतत त्या वरच्या टोकाजवळ ठेवायला हवं, आणि सीव्हीटीला नेमकं तेच जमतं. पायरी पाडली की काटा प्रत्येक वेळी ताकदीच्या जागेवरून खाली येतो. विल्यम्सने १९९३ मध्ये आपल्या एफडब्ल्यू१५सी या फॉर्म्युला वन गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली होती. १९९४ च्या नियमांत ठरावीक संख्येचे पक्के गिअर सक्तीचे झाले आणि तो प्रयोग तिथेच संपला. सीव्हीटी मुळात मंद असती तर नियमाने तिची वाट अडवायची गरज पडली नसती. तेव्हा डी मधल्या पायऱ्या या कानाच्या समाधानासाठी आहेत. समाधानही काही वाईट गोष्ट नाही, रोजच्या गाडीत आवाज आणि वेग एकत्र वाढले की डोकं शांत राहतं. पण त्यासाठी वरचं व्हेरिएंट घेऊ नका.

गावात पॅडलला हात लावायचं कारण नाही. नवी पेठेतली गर्दी, सात रस्त्याचा सिग्नल, विजापूर वेशीतून रिक्षांच्या मागे रांगत जाणं, इथे सीव्हीटी डी मध्ये ठेवून विसरून जावी. ब्रेक सोडला की गाडी हळूच सरकते. एएमटीमध्ये (साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचे क्लच-गिअर आपोआप चालवणारी पद्धत) पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये येणारी ती डुलकी इथे नाही, आणि एएमटी व सीव्हीटीच्या किमतीतला फरक इथेच वसूल होतो. पायाचं तंत्र मात्र वेगळं आहे. मॅन्युअलच्या सवयीने सुटताना झटका द्याल तर फक्त आवाज वाढेल. पाव पायडल (स्टिअरिंगमागचं पॅडल नव्हे, पायाखालचं) दाबा, अर्धा सेकंद थांबा, काटा दीड-दोन हजारांवर स्थिरावला की मग वाढवा. पेट्रोलही वाचतं.

चढावरच्या रांगेत अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय मोडा. आसरा पुलाच्या चढावर रांग लागली की हाफ क्लचवर गाडी खेळवणारे बरेच दिसतात, आणि ऑटोमॅटिक घेतल्यावर तेच पायडलने करतात. तसं केलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणारा भाग) आतल्या आत तेल घुसळत राहतो आणि तेल तापतं. बाहेर ४२-४३ अंश असलेल्या मे महिन्यात, एसी फुल आणि गाडीत पाच माणसं, हे दोन-तीन सिग्नल चाललं तर तेलाचं तापमान विनाकारण चढतं. ब्रेक दाबून थांबा. हिल स्टार्ट असिस्ट असेल तर ब्रेक सोडल्यावर क्षण-दोन क्षण गाडी मागे येत नाही, तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर मिळतो.

पुणे हायवेवर सावळेश्वर टोलपासून टेंभुर्णीपर्यंत सीव्हीटी अगदी सुखाची. शंभरला काटा दोन हजारांच्या आसपास, गाडीत आवाज टायरचाच. अ‍ॅव्हरेजही इथेच मिळतं. एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा सिटी सीव्हीटीला लिटरमागे १८.४ किलोमीटर, मॅन्युअलला १७.८. एलिव्हेटला १६.९२ आणि १५.३१. म्हणजे कागदावर ऑटोमॅटिक पुढे. प्रत्यक्षात ते पाय हलका ठेवणाऱ्यालाच साधतं. सतत ओव्हरटेक करणाऱ्याचा आकडा मॅन्युअलच्या खाली जाईल, कारण प्रत्येक किकडाउनला, म्हणजे पाय जोरात दाबून रेशो खाली आणला की, इंजिन वर जाऊन बसतं.

दुपदरी रस्त्यावर मात्र विचार करून चालवावं लागतं. बार्शी रोडला वैरागकडे जाताना हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस. मॅन्युअलवाला आधी तिसरा टाकतो आणि मग बाहेर काढतो. सीव्हीटीवाला डी मध्येच बाहेर येतो आणि मग पाय दाबतो. पुली सरकून इंजिन वर यायला जो वेळ जातो तो समोरून एसटी येताना फार मोठा वाटतो. इथे डावं पॅडल खऱ्या अर्थाने कामाला येतं. ट्रॉलीच्या मागे असतानाच दोनदा, गरज पडली तर तीनदा दाबा. काटा साडेतीन हजारांच्या वर येऊन थांबला की समोर मोकळं आहे का बघा, मग बाहेर या आणि पाऊण पायडल द्या. इंजिन आधीच टॉर्कच्या जागेवर आहे, त्यामुळे गाडी लगेच उचलते. तळापर्यंत दाबायचा मोह टाळा, कारण तळाला लागलं की बहुतेक गाड्या किकडाउन समजून पुन्हा रेशो बदलायला घेतात आणि तुम्ही कमावलेला तो अर्धा सेकंद परत जातो.

याच कामात टर्बो सीव्हीटीला पॅडलची उणीव फारशी जाणवत नाही. निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगरच्या एक लिटर टर्बोत सीव्हीटीबरोबर १५२ एनएम मिळतात, तेही २,२०० पासून. मॅन्युअलला १६० आहेत, म्हणजे सीव्हीटीत थोडे छाटलेले. तरी खालूनच ओढ असल्यामुळे ट्रॉली मागे पडते. उलट नव्या अमेझचं १.२ इंजिन ९० पीएस आणि ११० एनएमचं, तोही टॉर्क ४,८०० ला. गावात उत्तम, पण पाच माणसं आणि डिकी भरून बार्शी रोडला पॅडलशिवाय ओव्हरटेकचा हिशेब चुकतो. अमेझमध्ये पॅडल घ्याच. कोणत्या व्हेरिएंटमध्ये आहेत ते बुकिंगआधी विचारून घ्या.

आता तुळजापूरचा घाट. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आणि लहानसा, म्हणून कोणी गांभीर्याने घेत नाही. नवरात्रात आणि पौर्णिमेला वर-खाली गाड्यांची रांग असते, पायी जाणारे भाविक कडेने चालत असतात, आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच सगळे येतात. खाली आल्यावर चाकांपाशी जळका वास येतो. डी मध्ये सीव्हीटीची एक खोड आहे. पाय काढला की अ‍ॅव्हरेज वाचवायला ती रेशो लांब करते, इंजिन खाली बसतं आणि गाडी मोकळी धावते. मॅन्युअलमध्ये तिसऱ्यात मिळणारा तो धरून ठेवण्याचा परिणाम मिळत नाही. होंडाच्या या गाड्यांत ब्रेक दाबल्यावर रेशो लवकर खाली आणण्याची सोय आहे, त्याने थोडा फरक पडतो, पण ती ब्रेक दाबल्यावरच जागी होते.

उतार सुरू व्हायच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच लिव्हर एस (स्पोर्ट) मध्ये घ्या. मग डावं पॅडल दाबत ३ वर या. चाळीस-पन्नासच्या वेगाला काटा तीन हजारांच्या आसपास दिसेल आणि गाडी स्वतःला धरेल. वळण तीव्र असेल तर २. आवाज वाढला म्हणून घाबरू नका. अशा वेळी इंजेक्टर बंद असतात, पेट्रोल जळतच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याचं इंजिन मात्र आयडलिंगचं पेट्रोल पीत राहतं, त्यामुळे ‘न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवतो’ हा हिशेबच उलटा आहे. शिवाय धावत्या गाडीत पुन्हा डी टाकताना आतल्या क्लचला झटका बसतो तो वेगळाच.

एस मध्ये घ्या यावर इतका भर का? होंडात डी मध्ये असताना पॅडल दाबलं तर ते तात्पुरतं असतं. वेग एकसारखा राहिला किंवा पाय दिला की कॉम्प्युटर आकडा पुसतो आणि गाडी परत मोकळी होते, तीही नेमकी दोन वळणांच्या मध्ये. एस मध्ये दाबलेलं टिकतं. डी मधून स्वतःहून बाहेर पडायचं असेल तर उजवं पॅडल दोन-तीन सेकंद ओढून धरलं की पुरतं. डिलिव्हरीच्या दिवशी हे कोणी दाखवत नाही आणि मॅन्युअल पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्येच राहतं. पॅडल नसलेल्या गाडीत एल (लो) हा एकच पर्याय. तो घाटात चालतो, फक्त वेग आधी चाळीसच्या आसपास आणून मग टाका.

नावावरून एक गोंधळ होतो तो इथेच सोडवून टाकू. हायरायडर किंवा ग्रँड व्हिटारा हायब्रिडवर ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं. त्यात पट्टा नाही, ग्रहमाला गिअर आणि मोटारी आहेत. सिटीच्या हायब्रिडमध्येही पट्टा नाही. पट्ट्याच्या तेलाबद्दल जे खाली आहे ते त्यांना लागू नाही. ह्युंदाईच्या आयव्हीटीत पोलादी पट्ट्याऐवजी साखळी आहे, तिला मात्र लागू आहे.

सीव्हीटी टिकते का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. अमेरिकेत निसानला २००३ ते २०१० च्या मॉडेलांसाठी सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली, त्या काळाची बदनामी अजून फिरते. बिघाडाची साखळी बहुतेक वेळा सारखीच असते. तेल जुनं किंवा चुकीचं, मग दाब कमी, मग पट्टा शंकूवर घसरतो, शंकूवर ओरखडे पडतात, त्यातली धातूची पूड तेलातून वाल्व बॉडीत (तेलाचा दाब वाटणाऱ्या झडपांच्या भागात) जाते, झडपा अडकतात, दाब आणखी बिघडतो. शंकूवर ओरखडा पडला की तेल बदलून तो भरून येत नाही. मग गिअरबॉक्सच बदलायची वेळ येते आणि खर्च लाखांत जातो.

म्हणून तेलात तडजोड नको. होंडाला एचसीएफ-२, निसानला एनएस-३, इतरांना पुस्तकात जे लिहिलंय तेच. गॅरेजवाल्याने ‘ऑटोमॅटिकचं तेल सगळं सारखंच’ म्हणत एटीएफचा (साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा) डबा उघडला तर गाडी तिथून काढा. एटीएफ क्लचच्या अस्तरासाठी बनवलेलं असतं, तर इथे पोलादावर पोलादाची पकड टिकवायची असते. बदलताना गाडी गरम करून सपाट जागी उभी करायची, ड्रेन प्लग काढायचा, निघालेलं तेल मापात मोजायचं. साधारण तीन ते चार लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि वाल्व बॉडीत राहतं, म्हणून डब्यावरचा एकूण आकडा बघून तेवढं ओतू नये. जेवढं निघालं तेवढं भरायचं, वॉशर नवीन लावायचा, आणि पातळी पुस्तकातल्या तापमानाला तपासायची. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर ठीक. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर त्याच दिवशी कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा. काही मॉडेलांत स्कॅनर लावून तेलाच्या झिजेचा हिशेबही रीसेट करावा लागतो, नाहीतर कॉम्प्युटर जुन्याच तेलाच्या हिशेबाने चालतो. सर्व्हिसच्या कागदावर दोन वेळापत्रकं असतात, साधं आणि खडतर वापराचं. ऊन, धूळ, गावातली कूर्मगती आणि छोट्या फेऱ्या धरल्या तर सोलापूरची गाडी खडतरमध्येच बसते.

पावसात शेतरस्त्यावर काळ्या मातीत चाक अडकलं की अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी उडवायचा प्रयत्न करू नका. चाक गरगर फिरतं आणि अचानक दगडावर पकड घेतं, तो धक्का थेट पट्ट्यावर जातो. चाकाखाली गोणपाट किंवा पाचट टाका, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, पाव पायडलने हळू काढा. बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेऊ नका. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाकं फिरली तर आतले भाग कोरडे फिरतात. फ्लॅटबेड किंवा पुढची चाकं उचलून नेणारी क्रेनच बोलवा. पार्किंगमध्ये गाडी मागे सरकत असतानाच डी टाकायची सवयही अशीच महागात पडते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या माणसाने ठरवलेला सरळ रस्ता नाकारा. थंड इंजिनने सुरुवात करा, आर (रिव्हर्स) टाकल्यावर गाडी धक्का न देता धरते का बघा. आसरा पुलाच्या चढावर थांबून सुटा. मग बायपासला जाऊन चाळीसवरून ऐंशी दोनदा करा: एकदा डी मध्ये सरळ पाय दाबून, एकदा एस मध्ये आधी दोन पॅडल दाबून. फरक किती आहे ते तुमचाच कान सांगेल. शेवटी पुलाच्या उतारावर पाय काढून ३ वर आणा आणि गाडी किती धरते ते बघा.

सेकंड हँड सीव्हीटी असेल तर हेच सगळं, वर तीन गोष्टी. वीस ते चाळीसच्या वेगात हलक्या पायाला थरथर येते का. एकसारख्या वेगाला काटा स्वतःहून वर-खाली होतो का. वेगाबरोबर वाढणारी शिट्टीसारखी घूं ऐकू येते का. थरथर कधीकधी तेल बदलून जाते. काटा नाचत असेल किंवा घूं येत असेल तर किंमत कमी करून घेण्यात अर्थ नाही, दुसरी गाडी बघा. आणि मालकाने ‘गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम असतं’ असं सांगितलं तर सर्व्हिसच्या बिलांवर तेलाचं नाव आणि लिटर शोधा. सापडलं नाही तर ते कधीच बदललेलं नाही असं धरून चला.